साडेसातचे चोर

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकही चोर पकडलेला नाही. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात, आणि वर अभिमानाने म्हणतात. "पकडणारे पुष्कळ आहेत. पकडलेला कागदावर नीट बसवणारा लागतो."

पोलीस ठाण्यात शिरलं की डाव्या हाताला, खिडकीपाशी, त्यांचं टेबल आहे. तक्रार घेऊन आलेला माणूस आधी त्यांच्यासमोर रडतो, मग पाणी पितो, मग सही करतो. खुर्चीवर ताईने शिवून दिलेली उशी आहे. ठाण्यातली हत्यारं कुठल्या खोलीत ठेवतात असं विचारलं तर भाऊजींना जरा आठवावं लागेल, पण उशी जागेवर नसली की सगळ्या ठाण्याची झडती होते.

मी ताईचा धाकटा भाऊ. इथे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम लागलं म्हणून तिच्याकडे राहायला आलो आणि जायचं विसरून गेलो. भाऊजी मला 'मेहुणे' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. ठाण्यातल्या सराईत आरोपींशीही ते अशाच आदराने बोलतात असं कळल्यापासून मी त्याचं फार मनावर घेत नाही.

या माणसाला दोन भाषा येतात आणि दोन्ही मराठीच. एक जेवताना बोलायची, दुसरी टाइप करायची. जेवताना त्यांनी एकदा जिन्यातल्या कुंड्या पळवणाऱ्या एका म्हातारबाबांची गोष्ट सांगितली. हे बाबा दुपारी शेजाऱ्यांची कुंडी उचलायचे, आणि संध्याकाळी त्याच शेजाऱ्यांकडे जाऊन 'कुंडी अशी उघड्यावर ठेवू नये हो, दिवस वाईट आहेत' असा सल्ला देऊन चहा पिऊन यायचे. भाऊजींनी त्या बाबांचा आवाज काढला, चालण्याची नक्कल केली, आणि ताईला हसता हसता ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा डबा द्यायला ठाण्यात गेलो तर तीच गोष्ट टाइप होत होती: 'एका वयोवृद्ध इसमाने इमारतीच्या सामाईक जिन्यात अनधिकृत प्रवेश करून मातीच्या कुंड्या लबाडीच्या इराद्याने चोरून नेल्या.' वाचून मलाच घरच्या कुंड्यांची काळजी वाटायला लागली, आणि आमच्या घरी कुंड्या नाहीत.

ताईचं काम त्यांच्या अगदी उलट. ती बायकांना सायकल शिकवते. मुलींना नव्हे, बायकांना. लहानपणी राहून गेलेल्या, मग लाज वाटलेल्या, मग गुडघे दुखायला लागलेल्या. ती आधी सायकलची पॅडल काढून टाकते, सीट खाली घेते आणि म्हणते, "बसा आणि चाला." मग बँकेतल्या अधिकारी बाई, टेलरबाई, बेकरीवाल्या काकू अशा सगळ्याजणी बिनपॅडलच्या सायकलींवर बसून, पायांनी जमीन रेटत, बदकांच्या रांगेसारख्या शाळेच्या मैदानावर फिरतात. तोल जमला की ताई पाना घेऊन येते आणि पॅडल बसवून देते. त्या दिवशी ती बाई घरी जाऊन नवऱ्याला काहीही करायला सांगू शकते, तो करतो.

हा वर्ग संध्याकाळीच भरायचा. एक तर दिवसा सगळ्यांना कामं. दुसरं म्हणजे पडायचंच असेल तर ते चारचौघांदेखत नको. मैदानाच्या खांबावरचा दिवा लागला की बायका जमायच्या, आणि वर्ग चांगला रंगात आला की साडेसात व्हायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं, एवढ्यात ठाण्यात नव्या मॅडम आल्या.

मॅडम चांगल्या. तरुण, कामसू, आणि पोलिसांनी लोकांशी बोललं पाहिजे या मताच्या. त्यांनी फोनवर सगळ्या शहरासाठी एक ग्रुप काढला. शहरात जे घडेल ते लोकांना कळवायचं, काही लपवायचं नाही. आता कळवणार कोण, तर ज्याची बोटं भरभर चालतात तो. बोटं भाऊजींची.

संदेशाचा साचा वरच्या ऑफिसातून आला होता. वर फिरणाऱ्या लाल दिव्याचं चित्र, खाली 'सतर्क राहा, सुरक्षित राहा'. मधली जागा भाऊजींची, आणि ती जागा त्यांनी जीव ओतून भरली. एका गुन्ह्याचे तीन संदेश निघायचे: आधी गुन्हा दाखल, मग तपास सुरू, आणि नशिबाने साथ दिली तर आरोपी ताब्यात. तिन्हींवर लाल दिवा.

गंमत अशी की त्या दिवसांत शहरातल्या चोऱ्या कमी झाल्या होत्या. हे भाऊजी स्वतः सांगायचे. टेबलासमोरचा बाक रिकामा असायचा. बाक रिकामा म्हणून त्यांना वेळ मिळायचा, आणि वेळ मिळायचा म्हणून प्रत्येक चोरीवर ते अधिक नीट लिहायचे.

बघता बघता सगळं शहर त्या ग्रुपमध्ये आलं. इतकी वर्षं खिडकीपाशी बसलेल्या माणसाला कोणी ओळखत नव्हतं, आता औषधांच्या दुकानात 'साहेब, आज काय नवीन?' म्हणून विचारू लागले. भाऊजींची चाल बदलली. पूर्वी ते फुटपाथच्या कडेने चालायचे, आता मधून चालायला लागले. आरशासमोर उभं राहून मिशा किती वर न्याव्यात याचा विचार करताना मी त्यांना दोनदा पकडलं.

"मेहुणे, जनता जागी होतेय," ते म्हणाले.

"जागी नाही, भाऊजी, ती झोपतच नाहीये," मी म्हटलं.

माझ्या दुकानाच्या मालकांनी तर गठ्ठ्याने कॅमेरे मागवले, दारावर बसवायचे. ते हातोहात खपले. एका गिऱ्हाइकाने आठवड्याने येऊन तक्रार केली की कॅमेऱ्यात रोज एकच संशयित माणूस दिसतो. आम्ही पाहिलं, तर ते गिऱ्हाईक स्वतःच होतं. ऑफिसला जाताना आणि येताना.

पण ताईच्या वर्गाचं काय झालं ते हसण्यासारखं नव्हतं. आधी टेलरबाईंचं डोकं दुखायला लागलं. मग एकीच्या घरी पाहुणे आले आणि मुक्कामाला राहिले. मग सरळच सांगायला लागल्या: संध्याकाळी नको बाई, दिवस बरे नाहीत. रांगेतली बदकं एकेक करून कमी झाली आणि ताई मैदानावर पाना घेऊन उभी राहायला लागली.

त्यातच नगरपालिकेचे एक साहेब येऊन गेले. सभ्य माणूस, हातात फाइल, आवाजात दिलगिरी. बाजारातल्या मालट्रकना उभं राहायला जागा नाही, आणि शाळेचं मैदान संध्याकाळी रिकामंच असतं असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"रिकामं नसतं," ताई म्हणाली.

साहेबांनी मैदानाकडे पाहिलं. मैदानावर त्या वेळी मी होतो आणि एक कुत्रं होतं.

"महिनाअखेरीला संध्याकाळी पाहणीला येतो," ते म्हणाले. "मैदान वापरात दिसलं तर तुमचं. नाही दिसलं तर माझा नाइलाज आहे, ताई."

शहरात दुसरी सपाट जागा नाही. जे आहेत ते रस्ते, आणि रस्त्यावर पॅडल नसलेल्या सायकलीवर बाई बसवायची म्हणजे भाऊजींना आणखी एक संदेश लिहावा लागला असता.

त्या दिवशी ताईने जेवणाची ताटं अशी मांडली की भाऊजींनी न विचारताच ओळखलं.

"माझं काय चुकलं?"

"तुमच्यामुळे माझ्या बायका येईनात."

"मी काय करतो? घडलं ते लिहितो. एक अक्षर पदरचं नाही."

"घडलं ते लिहिता. आणि दिवसभर काही घडत नाही, ते कोण लिहिणार?"

ताई हे रागाने बोलली होती. भाऊजींनी तो आदेश समजला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या शहराच्या फोनवर लाल दिवा फिरला आणि खाली मजकूर आला: 'आज शहरात कोणतीही अनुचित घटना घडलेली नाही. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये. सतर्क राहा, सुरक्षित राहा.'

शहराची पाचावर धारण बसली. चोरीचे संदेश वाचून लोक दाराला कडी लावत होते, हा वाचून कपाटं सरकवून दाराला लावली. ठाण्याचा फोन खाली ठेवला की वाजत होता. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा पायात चपला न घालता खाली आले.

"मला खरं सांगा," ते भाऊजींना म्हणाले. "मी कोणाला बोलणार नाही. फक्त हिला घेऊन आजच मुलाकडे निघतो."

"आजोबा, खरंच काही झालेलं नाही."

"मग घाबरू नका असं कशाला लिहिलंत?"

भाऊजींनी खिशातून फोन काढून स्वतःचाच संदेश पुन्हा वाचला. आजोबांनी तेही लक्षात घेतलं आणि त्यांना शंकाच उरली नाही.

मग भाऊजींनी दुसरा उपाय काढला. त्यांनी इस्त्रीचा गणवेश चढवला आणि संध्याकाळी मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. बायकांना धीर यावा म्हणून. टेलरबाई त्या दिवशी कशाबशा मनाची तयारी करून निघाल्या होत्या. कोपऱ्यावरून त्यांनी फाटकात उभा असलेला पोलीस पाहिला, सायकल जागच्या जागी वळवली आणि घरी जाऊन ताईला फोन केला.

"मैदानावर काय झालं गं? पोलीस आलेत."

"तो माझा नवरा आहे."

"अगंबाई. म्हणजे तुमच्याच घरात काही..."

ताईने फोन ठेवला आणि फाटकाकडे गेली. मी लांब होतो, त्यामुळे ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण भाऊजींनी टोपी काढून काखेत घेतली आणि फुटपाथच्या कडेकडेने घरी गेले.

खरा उलगडा झाला तो बेकरीत. ताई आणि मी पाव आणायला गेलो होतो. बेकरीवाल्या काकू म्हणजे ताईची सगळ्यात आशेची विद्यार्थिनी. तोल जमला होता, आता पॅडल बसवायचीच बाकी होती, आणि नेमक्या तेव्हापासून त्या गायब.

"काकू, आज या," ताई म्हणाली. "तुमची पॅडल लावते."

"संध्याकाळची? छे गं. आमच्याच गल्लीत काय झालं वाचलं नाहीस? अगदी बेकरीसमोरून सायकल नेली. साडेसातला. माणसं जागी असताना."

"कोणाची सायकल?"

"नाव कुठे देतात ते."

ताईने पावाची पिशवी खाली ठेवली. "काकू, सायकल तर तुमचीच गेली होती ना?"

"माझी दुपारी गेली. मी भट्टीपाशी होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं. ही संध्याकाळची, म्हणजे दुसरी. तिसऱ्या सायकलीचा तपास चाललाय. चौथीचा चोर सापडला म्हणे."

"आणि तुमची मिळाली ना परत?"

"माझी दुसऱ्याच दिवशी मिळाली. तुझ्या नवऱ्यानेच फोन करून बोलावलं, चहा पाजला. माझी मिळाली गं, पण बाकीच्या तिघींचं काय झालं असेल याने मला झोप नाही."

मी हसू आवरायला बिस्किटांच्या बरण्यांकडे वळलो. ताई हसली नाही. तिने काकूंचा फोन मागून घेतला, तिन्ही संदेश उघडले आणि बोट ठेवून वाचून दाखवले. एक सायकल, आणि ती काकूंचीच. काकूंनी तीनदा नाही म्हटलं, मग चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मी माझ्याच सायकलीला घाबरले होते?"

"हो."

"मग साडेसात कुठून आले?"

ताईने मागचे संदेश चाळले तर सगळ्यांतच साडेसात, आणि हा प्रश्न घेऊन ती घरी आली. भाऊजी मिशांना तेल लावत होते.

"अहो, तुमच्या संदेशात सगळं साडेसातलाच कसं होतं?"

"होत नाही. दाखल होतं," भाऊजी म्हणाले. "ती तक्रार नोंदवल्याची वेळ असते. कायद्याने तीच लिहायची. आणि मी स्वच्छ लिहितो, 'साडेसात वाजता गुन्हा दाखल'."

"लोक वाचताना साडेसात वाचतात आणि गुन्हा वाचतात. दाखल कोण वाचतं?"

"तो त्यांचा प्रश्न."

"बरं, पण सगळ्यांची तक्रार साडेसातलाच कशी?"

"लोक कामावरून सुटले की येतात. सहाला, साडेसहाला."

"मग सहा का नाही लिहीत?"

भाऊजींनी तेलाची बाटली बंद केली. "त्या वेळी मी चहाला गेलेला असतो."

"किती वेळ?"

"माणसं भेटतात. बोलणं होतं. येणाऱ्याला बाकावर बसवून ठेवतात, मी आलो की लिहून घेतो."

मी हिशेब जुळवून पाहिला. सकाळी गेलेली पर्स, दुपारी गेलेली सायकल, परवा कधीतरी गेलेली गॅसची शेगडी, सगळं बाकावर बसून भाऊजींचा चहा संपायची वाट पाहत होतं. आणि चहा संपला की सगळ्या शहरात एकदम चोरांचा सुळसुळाट होत होता.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही चहा सोडलात तर शहर गुन्हेमुक्त होईल."

"मेहुणे, तुम्ही मध्ये पडू नका," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

ताई त्यांच्यासमोर बसली. "मला जेवताना सांगता ना, कोणी, कधी, कसं नेलं, मग पुढे काय झालं. तसं लिहा. एकदाच, सगळं."

"तसं लिहिलं तर कोण वाचणार?"

हे त्यांच्या तोंडून निसटलं. आणि मग कळलं की त्यांना काय सोडायला सांगतोय आपण. खिडकीपाशी उशीवर बसलेल्या माणसाचं नाव इतक्या वर्षांनी शहराला कळलं होतं, आणि ते लाल दिव्याच्या उजेडात कळलं होतं. ताईलाही ते दिसलं असावं, कारण ती ओरडली नाही. "मी वाचेन," एवढंच म्हणाली.

मॅडमना पटवायला दोन दिवस गेले. भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांसमोर उभे राहून काही बोलले, आणि घरी येऊन त्यांनी ते आम्हाला नक्कल करून दाखवलं. मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. दिवा कुठे गेला, म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "मॅडम, चोर सापडल्यावर दिवा कशाला फिरवायचा." साचा वरून आलाय, म्हणाल्या. मग भाऊजींनी एका सायकलीच्या चार सायकली कशा झाल्या ते सांगितलं, आणि मॅडमना हसू फुटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "करा. पण खरं पाहिजे आणि पूर्ण पाहिजे. लोकांना बरं वाटावं म्हणून गोड केलेलं मला चालणार नाही."

नवा संदेश असा होता: 'बेकरीच्या गल्लीतून दुपारी एक सायकल गेली होती. एकच. कुलूप लावलेलं नव्हतं. ती नेणारा सापडला आहे, आणि सायकल मालकीणबाईंना परत दिली आहे. गेल्या आठवड्याचे तीन संदेश याच सायकलीचे होते.'

लोकांची घोर निराशा झाली. 'बस एवढंच?' असं एकाने लिहिलं. पुढच्या काही दिवसांत चोऱ्या दिवसाउजेडी व्हायला लागल्या, म्हणजे जेव्हा होत होत्या तेव्हाच व्हायला लागल्या, आणि त्याही थोड्या. लोक ग्रुप सोडून जाऊ लागले. भाऊजी रोज संध्याकाळी फोन उघडून किती गेले ते बघायचे आणि बंद करायचे. इकडे मैदानावर एकेक बदक परत दिसू लागलं. काकूंना पॅडल मिळाली. पहिल्या फेरीतच त्या गोलपोस्टमध्ये शिरल्या, पण समोरून.

आणि पाहणीच्या दिवशी सकाळी नेमकं खरंच घडलं.

बँकेतल्या बाई शाळेच्या रस्त्याने कामाला चालल्या होत्या. मोटरसायकलवरून दोघे आले आणि मागच्याने त्यांच्या खांद्यावरची पर्स ओढली. बाई पडल्या, कोपर फुटलं. दोघे निसटले. रस्ता तोच, मैदानाच्या फाटकासमोरचा. बाईही ताईच्याच वर्गातल्या.

भाऊजी दुपारी जेवायला घरी आले ते जेवलेच नाहीत.

"साहेब पाहणीला साडेसहाला येणार ना?" त्यांनी ताईला विचारलं.

"हो."

"मी संदेश आठला टाकतो. मॅडम म्हणाल्यात आज टाका. आठला टाकला तरी तो आजच."

मी ताईकडे पाहत होतो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, हो म्हण. एका संध्याकाळचा प्रश्न होता. ती उठली, पाण्याचा तांब्या भरला, परत येऊन बसली, आणि पाणी तिने कोणालाच दिलं नाही.

"मी तिला भेटून आले आत्ता," ती म्हणाली. "टाके पडलेत. माझ्या बायका त्याच रस्त्याने येणार. त्यांना न सांगता बोलावू?"

"मैदान जाईल."

"जाईल तर जाईल. तुम्ही लिहा. पण नीट लिहा."

भाऊजींनी तिथेच, न जेवलेल्या ताटासमोर बसून लिहिलं. त्यांची भरभर चालणारी बोटं त्या दिवशी फार हळू चालली. चार वेळा लिहून पुसलं. मग मला वाचून दाखवलं, जसं काही मी त्यांचा वरिष्ठ होतो.

'आज सकाळी शाळेच्या रस्त्यावर मोटरसायकलवरच्या दोघांनी एका बाईंची पर्स ओढून नेली. बाई पडल्या, कोपराला टाके पडले, त्या घरी आहेत आणि बोलतायत. ते दोघे अजून सापडलेले नाहीत. मोटरसायकल लाल आहे, मागचा दिवा फुटलेला आहे, दिसली तर ठाण्यात फोन करा. या रस्त्यावर अशी घटना या वर्षी पहिल्यांदाच झाली आहे. पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर घेऊ नका. संध्याकाळचा सायकलवर्ग आज आहे. मी स्वतः साध्या कपड्यांत रस्त्यावर असेन. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. यायचं असेल तर सोबतीने या.'

"लाल दिवा?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "आज लावला तर शोभेल," ते म्हणाले, आणि लावला नाही.

संध्याकाळी मैदानावर ताई, मी आणि सायकली. खांबावरचा दिवा लागला. साहेब वेळेवर आले, फाइल घेऊन. त्यांनी मैदानभर नजर फिरवली आणि माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मला वाटलं, यांना ते कुत्रं कुठे गेलं ते विचारायचंय.

"थोडं थांबाल?" ताई म्हणाली.

"थांबतो," साहेब म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहणं त्यांनी मुद्दाम टाळलं. सभ्यच माणूस.

मग फाटकातून आधी बेकरीवाल्या काकू आल्या, सायकल चालवत, आणि त्यांच्या मागे त्यांचे यजमान, अंगभर मैदा, धापा टाकत. सोबतीने यायचं होतं ना. टेलरबाई आल्या त्या दोन्ही मुलं आणि सासूबाईंना घेऊन. जी येत होती ती घर घेऊन येत होती. कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ, कोणाचे वडील. वरच्या मजल्यावरचे आजोबा आजींना घेऊन आले, आजींना सायकलीशी काही देणंघेणं नव्हतं, पण घरी एकट्या राहायला त्या तयार नव्हत्या. काहीजणी आल्याच नाहीत. त्यांचा ताईला फोन आला, आज नको, पुढच्या वेळी येतो. शेवटी बँकेतल्या बाई आल्या, हात गळ्यात बांधलेला. त्यांना सायकलवर बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कडेला उभं राहून बाकीच्यांच्या चुका काढायचं काम हाती घेतलं.

बायका फेऱ्या मारू लागल्या. पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून. थोड्या वेळाने त्यांची घडी सुटली आणि ते सल्ले द्यायला लागले. त्यावर ताईने एकाला सायकलवर बसवलं. मग कळलं की बेकरीवाल्या काकांनाही सायकल येत नाही. काकूंनी हे इतक्या आनंदाने सगळ्यांना सांगितलं की काका भट्टीपेक्षा लाल झाले.

"हे सगळे रोज येतात?" साहेबांनी ताईला विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "बायका येतात. हे आज भीतीने आलेत."

मी कपाळावर हात मारला. पण साहेब कोणाच्या तरी मुलाला बिनपॅडलच्या सायकलीवरून जाताना पाहत होते.

"भिंतीलगतची पट्टी दिवसा ट्रकना देतो," ते म्हणाले. "संध्याकाळी मैदान तुमचं. लेखी पाठवतो."

एवढ्यात फाटकातून भाऊजी आले, साधा शर्ट, हातात फोन. तोंड उतरलेलं.

"ग्रुपवर विचारतायत," ते ताईला म्हणाले. "शाळेच्या मैदानावर मोठा जमाव जमलाय, पोलीसही दिसतायत, काय झालं. एकाने तर लिहिलंय, दंगल. काय कळवू?"

"काय चाललंय ते कळवा."

भाऊजींनी मैदानाकडे पाहिलं आणि टाइप केलं: 'बायका सायकल शिकतायत. बेकरीवाल्या काकू वळणावर ब्रेक लावायला विसरतात, समोरून येत असाल तर बाजूला व्हा.'

दोन-चार अंगठे आले. मग ओळीने, भराभर, लोक ग्रुप सोडून गेले. भाऊजी ते पाहत राहिले. मी काहीतरी बोलणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि धावत सुटले, कारण टेलरबाईंना नुकतीच पॅडल बसवली होती आणि त्या पूर्ण वेगाने नगरपालिकेच्या साहेबांच्या दिशेने निघाल्या होत्या.